फुल कव्हरेज क्रीम आणि पन्नाशीची मिश्र त्वचा: चाचणी करताना या चुका टाळा

फुल कव्हरेज क्रीम, म्हणजे डाग पूर्ण झाकणारं दाट फाउंडेशन, पहिल्या पाच मिनिटांत जवळजवळ प्रत्येकीला शोभून दिसतं. डाग झाकलेले, रंग एकसारखा, चेहरा ताजा. खरी परीक्षा दुपारनंतर सुरू होते. नाकावर तेल फुटतं, गालांवर बारीक पापुद्रे उठून दिसतात आणि नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या रेषेत क्रीम जमून बसतं. मग ती ट्यूब कपाटात मागे सरकते आणि दुसऱ्या ब्रँडचा शोध सुरू होतो.

माझं ठाम मत आहे की पुष्कळदा क्रीम बरं असतं, ते तपासायची पद्धत चुकलेली असते. मिश्र त्वचा म्हणजे एकाच चेहऱ्यावर दोन स्वभावांची त्वचा, आणि वय वाढतं तसा त्या दोघींमधला फरकही वाढतो. त्यामुळे कपाळ आणि गाल यांचा निकाल वेगवेगळा घ्यायला हवा, आणि तोही संध्याकाळपर्यंत थांबून.

जुन्या ओळखीवर विसंबून राहणं

"माझी त्वचा तेलकट आहे" हे वाक्य अनेक जणींनी विशीत ठरवलेलं असतं आणि पन्नाशीतही त्या तशीच खरेदी करतात. मधल्या काळात त्वचा पार बदललेली असते. कपाळ, नाक आणि हनुवटी या भागांत तेलग्रंथी जास्त असतात, गालांवर आणि डोळ्यांभोवती कमी. पाळी जायच्या आगेमागे इस्ट्रोजेन घटतं, त्वचा पाणी नीट धरून ठेवत नाही, तेलही हळूहळू कमी होतं. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन, म्हणजे तिला घट्टपणा देणारं प्रथिन, साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं. तरुणपणी त्वचेच्या वरच्या थराचं नूतनीकरण सुमारे २८ दिवसांत होतं, वयानुसार ते रेंगाळतं आणि कोरड्या पेशी पृष्ठभागावर जास्त काळ राहतात. क्रीममधलं रंगद्रव्य नेमकं या कोरड्या पेशींना धरून बसतं. गालावर दिसणारे ठिपकेठिपके तिथूनच येतात.

म्हणून आधी आजची त्वचा बघा. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, काहीही न लावता तासभर थांबा आणि मग कपाळ, नाक, हनुवटी, दोन्ही गाल यांवर वेगवेगळे टिपकागद दाबून पाहा. कुठल्या कागदावर तेल आलं आणि कुठे त्वचा ओढल्यासारखी वाटते, हे लिहून ठेवा. गाल आता कोरडे झाले असतील आणि तुम्ही अजूनही मॅट, म्हणजे चमक न ठेवणारं, क्रीम घेत असाल, तर बरीचशी अडचण इथेच आहे.

हाताच्या पाठीवर रंग जुळवणं

हाताचा रंग आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच जुळतो. दुकानातल्या दिव्यांखाली तर दोन जवळच्या शेडमधला फरक कळतच नाही. जबड्याच्या कडेला, गालाचा थोडा भाग आणि मानेचा थोडा भाग घेईल अशा उभ्या पट्ट्या ओढा. दोन किंवा तीन शेड शेजारी शेजारी. मग खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. कपाळावर किंवा गालांवर वांग असेल तर चेहरा मानेपेक्षा गडद दिसतो. अशा वेळी वांगाच्या रंगाला शेड जुळवली, तर अख्खा चेहरा मानेपासून तुटल्यासारखा दिसेल. शेड जबडा आणि मानेला जुळवायची, वांग झाकण्याचं काम वेगळं करायचं.

लगेच निर्णय मात्र घेऊ नका. अशा क्रीममध्ये बऱ्याचदा उडून जाणारे सिलिकोन असतात. ते उडाले की रंगद्रव्य दाट होतं, आणि त्वचेचं तेल त्यात मिसळलं की रंग आणखी खोल दिसतो. यालाच आपण "क्रीम काळवंडलं" म्हणतो. मिश्र त्वचेवर हे आधी कपाळावर आणि नाकावर होतं, गालांवर फारसं होत नाही. म्हणून एक पट्टी जबड्यावर आणि एक कपाळाच्या कडेला लावा, किमान अर्धा तास थांबा. कपाळावरची पट्टी अर्ध्या शेडने गडद झाली तर एक पायरी फिकट शेड तपासायला हवी.

टेस्टरची ट्यूब थेट चेहऱ्याला लावू नका. वापरून फेकायच्या चमच्यावर किंवा स्वच्छ कापसाच्या काडीवर घ्या. आधी कितीजणींची बोटं तिला लागली असतील, सांगता येत नाही.

आधी पॅच टेस्ट न करणं

याचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे, तरी ही पायरी सोडू नका. कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या जागेवर आठवडाभर, दिवसातून दोनदा तेच क्रीम लावा. ॲलर्जीची प्रतिक्रिया बहुधा ४८ ते ७२ तासांनी उमटते, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी काही झालं नाही यावरून फार काही सिद्ध होत नाही. सुगंधी द्रव्यं आणि टिकवणारे घटक हे नेहमीचे संशयित. फेशियल, थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग झालं असेल त्या दिवशी चेहऱ्यावर चाचणी नको. रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी लावतात ते, जीवनसत्त्व अ चं रूप) नुकतंच सुरू केलं असेल आणि त्वचा सोलवटत असेल, तर ती शांत होईपर्यंत थांबा, कारण त्या पापुद्र्यांवर कुठलंच फुल कव्हरेज क्रीम बरं दिसणार नाही.

एकाच दिवशी सगळं बदलणं

चाचणी बिघडवणारी सर्वांत मोठी चूक मी हीच मानते. नवीन क्रीम आलं की सोबत नवा प्रायमर (मेकअपखाली लावायचा थर), नवा स्पंज, नवी पावडर येते. संध्याकाळी चेहरा बिघडला तर दोष कुणाचा, हे कळायला मार्गच उरत नाही.

अर्ध्या चेहऱ्याची चाचणी करा. दोन्ही बाजूंना तेच मॉइश्चरायझर, तेच सनस्क्रीन. डाव्या बाजूला जुनं क्रीम, उजव्या बाजूला नवं, लावायचं साधनही एकच. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना नवं क्रीम लावा आणि एकाच बाजूला पावडर मारा. तिसऱ्या दिवशी एका बाजूला बोटांनी लावा, दुसऱ्या बाजूला ओल्या स्पंजने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आरशासमोर बसून नाकाच्या कडेचा कोपरा पाहा, चाचणीचा बराचसा निकाल तिथे असतो. नाकपुडी तेलकट आणि तिला लागून असलेला गाल कोरडा, त्यात हसताना ती घडी पुन्हा पुन्हा दुमडली जाते. चांगलं क्रीम तिथे चार तासांनी थोडं पातळ होतं, पण सरकत नाही. न जमणारं क्रीम घडीच्या तळाशी गोळा होतं, आणि घडीच्या दोन्ही काठांवर त्वचेचा मूळ रंग उघडा पडतो. हे दिसलं तर बोटाचं टोक हलकेच दाबून बघा. क्रीम परत पसरलं तर ते फक्त जास्त लागलं होतं. सुकून तुटलं, तर ते क्रीम त्या जागेसाठी फारच कोरडं आहे.

चेहराभर सारखंच थापणं

फुल कव्हरेज म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड यांसारखी रंगद्रव्यं नेहमीच्या फाउंडेशनपेक्षा जास्त प्रमाणात. कमी क्रीमने जास्त झाकलं जावं यासाठीच ती भरलेली असतात, आणि तरीही आपण नेहमीइतकंच घेतो. या प्रकारच्या मेकअपचा उगमही लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या लिडिया ओ'लिअरी यांच्या चेहऱ्यावर मोठी जन्मखूण होती. ती झाकण्यासाठी त्यांनी दाट क्रीम तयार केलं आणि १९३२ साली त्याचं पेटंट मिळवलं. विशिष्ट खूण झाकणं हा त्याचा हेतू होता. आजही हे क्रीम तसंच वापरलं तर वाढत्या वयाच्या त्वचेवर सर्वांत छान दिसतं.

वाटाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढं क्रीम घ्या. हातावर जरा ऊब द्या. जिथे वांग, लाली किंवा डाग आहे तिथून सुरुवात करा आणि बाहेरच्या बाजूला दाबत दाबत विरवा. घासू नका, घासलं की पापुद्रे उभे राहतात. कपाळाची वरची कड, कानाजवळचा गाल, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे या ठिकाणी बोटावर उरलेलं क्रीम पुरे. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर थरावर थर देण्याऐवजी आधी पीच रंगाचा करेक्टर (काळसरपणा मारणारं रंगीत क्रीम) अगदी पातळ लावा, मग वरून किंचित क्रीम. पापण्यांची आणि डोळ्यांखालची त्वचा चेहऱ्यावर सर्वांत पातळ असते, तिथला प्रत्येक जास्तीचा थर दुपारपर्यंत रेषेत उतरतो.

गालाला आणि कपाळाला एकच तयारी

गालांना मॉइश्चरायझर हवं, कपाळाला फार थोडं. प्रायमर लावायचाच तर तेल धरणारा फक्त नाक आणि कपाळाच्या मध्यावर, गालांवर नाही. प्रत्येक थराला मुरायला वेळ द्या. सनस्क्रीननंतर १५ मिनिटं थांबलं तर पुष्कळशा तक्रारी आपोआप मिटतात.

क्रीम लावताना बोटाखाली खोडरबरासारखी बारीक भेंडोळी निघत असतील, तर खालचे थर तपासा. घट्ट जेल असलेलं सीरम, त्यावर सिलिकोनचा प्रायमर, त्यावर पुन्हा क्रीम, असे न जुळणारे थर एकमेकांवर टिकत नाहीत. एकेक थर वगळून पाहा. बहुधा कुठलं तरी सीरम रात्रीसाठी राखून ठेवलं की काम होतं.

पावडरचा हात सैल सोडणं

कपाळाचा मध्य, नाक, हनुवटी. बस्स. गालांवर आणि डोळ्यांखाली पावडर भरली की ती उरलासुरला ओलावा शोषते आणि पाच वर्षं वाढल्यासारखी दिसतात. डोळ्यांखाली अगदी हवीच असेल, तर आधी वर बघत रेषेत जमलेलं क्रीम बोटाने सपाट करा आणि लगेच छोट्या ब्रशने स्पर्श करण्याइतकीच लावा. दुपारी चमक आली तर पावडरवर पावडर नको. आधी टिपकागदाने तेल उचला, मगच गरज वाटली तर पावडर. रजोनिवृत्तीतला गरम झोत (अंगातून अचानक उठणारी उष्णता) येऊन घाम फुटत असेल तर पुसू नका, टिशू दाबून धरा. घाम सुकल्यावर क्रीम बहुतेक वेळा जागेवरच असतं.

ट्यूबवरच्या एसपीएफवर भिस्त

एसपीएफ, म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा, मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम उत्पादन लावतात. त्या हिशेबाने चेहऱ्याला एक ग्रॅमहून जास्त क्रीम लागेल, आणि फुल कव्हरेज क्रीम तेवढं कुणीच लावत नाही. सनस्क्रीन खाली वेगळं लावायलाच हवं. एक गोष्ट मात्र या क्रीमच्या बाजूने सांगायला हवी: त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशालाही अडवतं आणि तो प्रकाश वांग वाढवतो. वांग असलेल्यांसाठी सनस्क्रीनवर रंगीत थर असणं खरोखर फायद्याचं आहे.

भिंगाच्या आरशात निकाल लावणं

मोठं करून दाखवणाऱ्या आरशात कुठल्याही वयाची त्वचा खडबडीत दिसते. लावायला तो वापरा, निकालासाठी हातभर अंतरावरचा साधा आरसा घ्या. फोनचा पुढचा कॅमेरा त्वचा आपोआप गुळगुळीत करत असेल तर त्याचा पुरावा धरू नका. फ्लॅश टाकून मात्र एक फोटो जरूर काढा. चेहरा मानेपेक्षा पांढरट आला तर क्रीममधलं टायटॅनियम डायऑक्साइड किंवा वरची सिलिका पावडर प्रकाश परतवते आहे. रोजच्या वापरात त्याने बिघडत नाही, रात्रीच्या समारंभात बिघडतं.

तपासायच्या वेळा ठरवून घ्या: लावल्यावर अर्ध्या तासाने, चार तासांनी आणि चेहरा धुण्याआधी. अर्ध्या तासाने रंग बघा, चार तासांनी घड्या आणि नाक. धुण्याआधी क्रीम कसं उतरलंय ते बघा. चेहराभर सारखं फिकं झालं असेल तर ते चांगलं क्रीम आहे. हनुवटीवरून गेलंय आणि गालावर तसंच चिकटलंय, असं असेल तर क्रीम टाकून देण्याआधी हनुवटीवरचं मॉइश्चरायझर कमी करून पुन्हा एकदा वापरून पाहा. थंड, कोरड्या दिवसांत नापास झालेलं क्रीम दमट हवेत पास होऊ शकतं, आणि उलटही.

धुण्याआधीच चाचणी संपवणं

अशी क्रीम पाण्याने निघत नाहीत. आधी क्लेन्झिंग बाम किंवा तेलाने विरघळवा, मग सौम्य फेसवॉश. काढायला जोरात घासावं लागत असेल तर ते क्रीम रोजसाठी नाही, कारण त्या घासण्याने गाल आणखी कोरडे होतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुण्याआधी चेहरा पाहा. हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आल्यात का, गाल खाजतात का, पापण्यांच्या कडा लाल आहेत का. एखाद-दुसरी पुटकुळी योगायोग असू शकते. तीच जागा प्रत्येक वापरानंतर उठत असेल तर क्रीम थांबवा. सूज, जळजळ किंवा डोळ्यांभोवती चट्टा आला तर ट्यूब आणि तिचं खोकं घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खोक्यावरच्या घटकांच्या यादीवरून त्यांना कारण शोधणं सोपं जातं.