अँटिव्हायरस बदलताना
संगणकावरचा अँटिव्हायरस बदलायचा असेल, तर नवा बसवण्याआधी जुना पूर्णपणे काढावा. कारण दोन्ही एकाच वेळी चालू राहिले, तर फाइल उघडताना दोघेही ती तपासू पाहतात आणि संगणक रखडतो. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि जुन्या सदस्यत्वाचे आपोआप होणारे नूतनीकरण बंद करावे. हे दुसरे काम पुष्कळ जण विसरतात आणि वर्षभराने खात्यातून पैसे गेल्यावरच त्यांना ते आठवते.

त्यानंतर सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीतून जुना अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट करावा. त्याचे काही अवशेष मागे राहिल्यास, अनेक कंपन्या त्यासाठी देतात ते रिमूव्हल टूल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. विंडोज १० व ११ मध्ये या मधल्या काळात मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा विंडोजमध्येच असलेला अँटिव्हायरस साधारणपणे आपोआप चालू होतो, तरी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून खात्री करावी. घरगुती वापराला, माझ्या मते, बहुतेकदा तोच पुरेसा असतो.

संगणक तरीही मंद वाटला, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘स्टार्टअप’मधील अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत.