पावसाळ्याआधी आरोग्य केंद्राचा औषधसाठा कसा बांधायचा

प्राथमिक आरोग्य केंद्रातलं सर्पदंशावरचं प्रतिविष संपलं, की त्या दिवसापासून नोंदवहीत त्याचा वापर शून्य दिसू लागतो. रुग्ण येतच असतात, फक्त त्यांना तसंच पुढे पाठवलं जातं. पुढच्या वर्षी तोच खप पाहून मागणी ठरते आणि ती आणखी घटते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सरकारी आरोग्यखर्च देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) 2.5 टक्क्यांवर न्यायचं, त्यातला किमान दोन तृतीयांश प्राथमिक सेवेला द्यायचं उद्दिष्ट ठेवलं. पण पैसा वाढला तरी मागणीपत्र चुकीचं असेल तर औषध गावापर्यंत येत नाही. म्हणून दुरुस्ती नोंदवहीपासून सुरू करा.

एप्रिलच्या शेवटी वैद्यकीय अधिकारी, औषध निर्माण अधिकारी, गटप्रवर्तक (आशांच्या पर्यवेक्षक) आणि रुग्ण कल्याण समितीचे एक-दोन सदस्य एकत्र बसवा. मृग लागल्यावर बसून उपयोग नाही. तेव्हा केलेली मागणी पोळ्याला हाती येते.

मागच्या तीन वर्षांचा महिनावार वापर काढा. शेजारी दोन रकाने आखा: त्या महिन्यात साठा किती दिवस शून्य होता, आणि औषध नाही म्हणून किती रुग्ण पुढे पाठवले. मग वापर दुरुस्त करा. समजा सप्टेंबरमध्ये प्रतिविषाच्या 24 कुप्या लागल्या, पण 30 पैकी 12 दिवस साठाच नव्हता. म्हणजे 24 कुप्या 18 दिवसांत संपल्या. 24 भागिले 18 गुणिले 30, म्हणजे खरी गरज 40. पुढे पाठवलेल्यांचा आकडा याच्याशी ताडून पाहा. तो रेफर रजिस्टरमध्ये सापडतो. नसेल तर 108 रुग्णवाहिकेच्या फेऱ्यांची नोंद आणि आशांची आठवण, दोन्ही कामी येतात.

दुसरी चूक वार्षिक सरासरीची. वर्षाला 180 कुप्या लागत असतील तर महिन्याला 15 निघतात. माल यायला दोन महिने आणि एक महिन्याची शिल्लक धरून 45 कुप्या झाल्या की साठा पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात त्यातल्या 140 जुलै ते ऑक्टोबरमध्ये लागत असतील, तर त्या चार महिन्यांचा मासिक वापर 35 आहे. तीन महिन्यांच्या 105 हव्यात. 45 वर समाधान मानलेलं केंद्र सव्वा महिन्यात रिकामं होतं, तेही ऐन निंदण-डवरणीत. म्हणून विदर्भात हंगामाचा हिशेब वेगळाच मांडायचा.

साप चावून विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीचा डोस 10 कुप्यांचा, मुलांनाही तेवढाच. विष सापाचं मोजायचं, रुग्णाचं वजन नाही. दोन-चार कुप्या देऊन पुढे पाठवण्याची पद्धत ठिकठिकाणी दिसते. त्यात कुप्याही जातात आणि वेळही. सोबत ॲड्रेनॅलिन, निओस्टिग्मिन, ॲट्रोपिन हवंच. रक्त गोठतं की नाही हे पाहायला नव्या, कोरड्या काचेच्या नळ्या ठेवा. नळीत 2 मिली रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकी करून पाहायचं. साबणानं धुतलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि प्रतिविष विनाकारण खर्च होतं. घोणस आणि फुरसं यात ओळखू येतात. मण्यार चावली असेल तर रक्त नीट गोठतं, चावल्याची खूणही बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून पापण्या जड होतात का ते वारंवार पाहावं लागतं.

ॲट्रोपिनची मागणी बऱ्याचदा कमी लिहिली जाते. कीटकनाशकाच्या विषबाधेवरही तेच लागतं. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी झाली की फवारा थेट श्वासात जातो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत सुरुवात 1.8 मिलिग्रॅमनं, म्हणजे 0.6 च्या 3 ॲम्प्यूलनं झाली आणि फुफ्फुसं मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत गेलं, तर 3, 6, 12, 24 अशा 45 ॲम्प्यूल पंधरा मिनिटांत लागतात. एका रुग्णाला. कपाटात 20 असतील तर त्या कपाटाला साठा म्हणता येणार नाही.

ओआरएस, झिंक आणि स्क्रब टायफससाठी (किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) डॉक्सिसायक्लिन यांचा हिशेब याच पद्धतीनं होतो.

आता जागा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा 45 च्या वर जातो, तिथे खोके ठेवू नका. लसींचा खास फ्रिज, म्हणजे आयएलआर, 2 ते 8 अंशांत हवा, भिंतीपासून किमान 10 सेंटीमीटर दूर, आणि तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, रविवारीसुद्धा. वीज गेली तर झाकण उघडायचं नाही. उष्णतेइतकाच गोठण्याचा धोका आहे: पेंटा, टीडी, हिपॅटायटिस बी या लसी तळाशी टेकवल्या तर गोठतात आणि वाया जातात, म्हणून त्या टोपलीतच ठेवा. बाळंतपणात लागणाऱ्या ऑक्सिटोसिनलाही हाच थंडावा लागतो, पण त्याला प्रसूतिकक्षात वेगळा फ्रिज द्या. आयएलआर फक्त लसींचा.

रस्ता तुटणाऱ्या भागात पुरवठ्याच्या काळात पुराचे दिवस मिळवा. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड तुटतं, तिथे दोन महिन्यांचा हिशेब अडीच-तीन महिन्यांवर नेणं भाग आहे. तारीख जवळ आलेल्या गरोदर बायांना आधीच माहेरघरात (दवाखान्याजवळच्या मुक्कामाच्या सोयीत) आणण्याचं नियोजनही याच बैठकीत करा.

पावसाळ्यात दर सोमवारी पाच औषधं हातानं मोजा: प्रतिविष, ॲट्रोपिन, ॲड्रेनॅलिन, ऑक्सिटोसिन, सलाईन. ई-औषधी या ऑनलाइन साठा-नोंदीतला आकडा आणि कपाटातला आकडा जुळला नाही तर त्याच दिवशी दुरुस्त करा. मुदत जवळ आलेल्या कुप्या पुढे ठेवा, आणि तीन महिने उरले असताना जास्त वापराच्या केंद्राला लेखी हस्तांतरित करा. तातडीच्या स्थानिक खरेदीसाठी रुग्ण कल्याण समितीचा ठराव जूनपूर्वीच घेऊन ठेवा. औषध संपल्यावर बैठक बोलवायला आठवडा जातो.

आणि किल्ली. मण्यार बहुतेक रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, तेव्हा भांडाराला कुलूप असतं. दोन रुग्णांपुरत्या 20 कुप्या, सिरिंजा, सलाईन आणि काचेच्या नळ्या तातडीच्या कक्षात वेगळ्या पेटीत ठेवा. पेटीवर आतल्या वस्तूंची यादी चिकटवा, ड्यूटी बदलताना मोजून सही घ्या, आणि पेटीची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडेच द्या.