उपग्रहातून पाण्याची गुणवत्ता बघताय? या चुका टाळा

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची प्रतिमा उतरवायची, दोन बँडचं (म्हणजे प्रकाशाच्या दोन पट्ट्यांचं) गणित करायचं, हिरव्या-लाल रंगांचा नकाशा काढायचा आणि खाली लिहायचं, 'प्रदूषण वाढले'. हे सगळं एका दुपारात उरकतं, म्हणूनच चुका होतात. विद्यार्थ्यांचे आणि हौशी अभ्यासकांचे असे नकाशे मी बरीच वर्षं तपासते आहे. चुका ठरलेल्या असतात. त्यातल्या दोन तर इतक्या वेळा पाहिल्या आहेत की नकाशा उघडला की मी आधी त्याच शोधते.

हजाराचा घोळ

एका तालुक्याच्या गावाजवळच्या तलावाचा अहवाल तपासायला आला होता. पाच वर्षांचा आलेख, आणि २०२२च्या सुरुवातीला शेवाळाची रेघ धाडकन खाली आलेली. त्याच हिवाळ्यात तलावातला गाळ काढला होता. सगळ्यांनी दोन गोष्टींची सांगड घातली आणि तलाव सुधारला असं लिहून टाकलं. मी मार्चमध्ये त्या काठावर उभी होते. पाण्यात हात घातला तर मनगटापर्यंत हिरवा थर चिकटून येत होता. हे पाणी सुधारलेलं नव्हतं.

मग तलावाच्या मधोमध एकच पिक्सेल धरला आणि मूळ आकडे वाचले. २०२१च्या डिसेंबरात लाल बँड २००च्या आसपास, त्याच्या पुढचा ७०५ नॅनोमीटरचा बँड ३००च्या आसपास. फेब्रुवारीत तेच दोन आकडे १२०० आणि १३००. फरक तेवढाच, शंभराचा. पण शेवाळासाठी आपण वापरतो तो एनडीसीआय हा निर्देशांक म्हणजे या दोन बँडचा फरक भागिले बेरीज. आधी १०० भागिले ५००, म्हणजे ०.२. नंतर १०० भागिले २५००, म्हणजे ०.०४. शेवाळ होतं तिथेच होतं, भाजक मात्र पाचपट झाला होता.

झालं असं, की २५ जानेवारी २०२२पासून युरोपीय अवकाश संस्थेने सेंटिनेल-२च्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवायला सुरुवात केली. फार काळोख्या जागी आकडा शून्याखाली जाऊन माहिती कापली जाऊ नये, हा हेतू. परावर्तन, म्हणजे पृष्ठभाग किती प्रकाश परत पाठवतो ते, काढताना ते हजार आधी वजा करायचे आणि मग दहा हजारांनी भागायचं. शेतजमिनीवर आकडे मुळातच हजारांत असतात, तिथे ही चूक दबून जाते. पाणी काळं असतं, त्याची सगळी कमाई दोनशे-तीनशेची. त्यात हजार मिसळले तर उरतं काय?

नुसती तारीख बघून वजाबाकी करू नका. जुन्या प्रतिमाही नव्या पद्धतीने पुन्हा तयार केलेल्या आहेत, त्यामुळे २०१८च्या प्रतिमेतही हे हजार असू शकतात. फाइलच्या नावात 'एन' अक्षरानंतर चार आकडे असतात. ०४०० किंवा त्याहून मोठे असतील तर वजाबाकी करायची. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेवर 'हार्मोनाइज्ड' (जुने-नवे आकडे एकसारखे केलेला) संग्रह घेतलात तर ती आधीच केलेली असते, पुन्हा करू नका. माझी सवय अशी: आलेख काढण्याआधी दोन पिक्सेल हाताने वाचते, एक खोल पाण्यातला, एक एखाद्या मोठ्या सिमेंटच्या छतावरचा. वहीत लिहिते. छतावरचा आकडा एका महिन्यात हजाराने वाढला असेल तर पाण्याबद्दल बोलायचंच नाही. या कामाला दहा मिनिटं लागतात. तयार कोड चिकटवणाऱ्यांना तीही जड वाटतात, आणि मग तलावासाठी खरंच राबलेल्या माणसांना 'तुमचं पाणी अजून तसंच आहे' हे सांगायची वेळ दुसऱ्यावर येते.

किनाऱ्याच्या प्रतिमेला तिथी असते

खाडीच्या मुखाच्या दोन प्रतिमा, पाच दिवसांच्या अंतराने. पहिलीत चहासारखा गढूळ पट्टा थेट समुद्रात शिरलेला, दुसरीत निवळ पाणी. निष्कर्ष: मधल्या दिवसांत कुणीतरी काहीतरी सोडायचं थांबवलं.

दाभोळच्या धक्क्यावर नमुने घेत होतो तेव्हाची गोष्ट. उपग्रह सव्वाअकराच्या सुमाराला जाणार म्हणून आम्ही दहापासून बाटल्या मांडून बसलो होतो. शेजारी जाळं विणत बसलेल्या काकांनी विचारलं, "ताई, कशाची वाट बघताय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आज एकादस. सव्वाआठला पाणी भरलं, आता सुकती लागली. वरचा सगळा गाळ खाली येतोय, आज गढूळच मिळणार तुम्हाला." बाटल्यांत तेच आलं. सुकती म्हणजे ओहोटी.

कोकणात हा हिशेब पोरांनाही येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. एकादशी म्हणजे अकराची पाऊणपट, सव्वाआठ. पाच दिवसांनी वद्य प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती. सव्वाअकराला समुद्राचं पाणी खाडीत चढत असतं, तेही उधाणाचं, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीचं. वरच्या दोन प्रतिमांतला सगळा फरक एवढ्यानेच पडू शकतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सेंटिनेल-२ आपल्याकडे नेहमी सकाळी अकरा-सव्वाअकरालाच येतो. अमावस्या-पौर्णिमेला त्या वेळी भरती जवळजवळ पूर्ण असते. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे त्या वेळी ओहोटी, पण भांगाची, म्हणजे लहान. उधाणाच्या ओहोटीला, जेव्हा चिखलाची खाजणं उघडी पडतात आणि खाडी सर्वांत गढूळ असते, तेव्हा हा उपग्रह वर नसतोच. कितीही वर्षांच्या प्रतिमा गोळा केल्या तरी ती अवस्था त्यात येणार नाही. म्हणून मी प्रत्येक प्रतिमेसमोर तारखेबरोबर तिथी लिहिते आणि जवळपासच्या तिथींच्याच प्रतिमा एकमेकींशी ताडून बघते. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक बघावंच, पण खिडकीत टांगलेलं कॅलेंडरसुद्धा निम्म्या चुका वाचवतं.

फाइलच्या नावातली वेळ ग्रिनिचची असते, हेही इथेच सांगते. ०५४६ म्हणजे पहाटेचे पावणेसहा नव्हेत. साडेपाच तास मिळवा.

बाकीच्या, थोडक्यात

जमिनीसाठी तयार केलेली लेव्हल-२ए प्रतिमा पाण्यावर डोळे झाकून वापरू नका. तिच्यातली वातावरणाची दुरुस्ती झाडी-जमीन गृहीत धरून केलेली असते. अकोलाइट हे सॉफ्टवेअर किंवा स्नॅप या सॉफ्टवेअरमधलं सी२आरसीसी पाण्यावरच्या अशा दुरुस्तीसाठीच आहे, दोन्ही फुकट आहेत, शिकायला एक आठवडा द्या.

मे महिन्यात त्या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पाणी चकाकतं आणि ती चकाकी गाळ म्हणून मोजली जाते. १६१० नॅनोमीटरचा बँड बघा. तिथे पाणी काळंकुट्ट दिसायला हवं. उजळ दिसलं तर ती प्रतिमा सोडून द्या.

जलपर्णी म्हणजे शेवाळ नव्हे. पवईसारख्या तलावावर तरंगता हिरवा थर असेल तर आधी तो वगळा, मग पाण्याचं गणित करा.

काठापासून तीन पिक्सेल सोडा. ७०५चा बँड २० मीटरचा आहे, म्हणजे साठ मीटर. तेवढं पाणीच उरत नसेल इतकं तळं लहान असेल, तर त्यासाठी हा उपग्रह नाही.

मालवणच्या उथळ, निवळ पाण्यात तळाची वाळू दिसते. तिला गढूळपणा समजू नका.

जून ते सप्टेंबर ढग असतात. त्यामुळे 'वार्षिक सरासरी' असं लिहिलेला आकडा खरं तर ऑक्टोबर ते मेचा असतो. तसंच लिहा.

नायट्रेट, जंतू, जड धातू यांना उपग्रहाला दिसेल असा रंग नाही. त्याला दिसतं ते शेवाळातलं हरितद्रव्य, गाळ, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळसर रंग आणि लँडसॅटसारख्या उपग्रहाला पृष्ठभागाचं तापमान. 'पाणी पिण्यालायक आहे का' हा प्रश्न घेऊन कुणी आलं तर त्यांना सरळ प्रयोगशाळेत पाठवा.

आणि नमुना घ्याल तो उपग्रह जाण्याच्या आगेमागे तीन तासांत घ्या, खाडीत त्याहूनही जवळ. बाटलीला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा आणि ती बर्फाच्या डब्यात ठेवा. उन्हात राहिलेल्या बाटलीतलं हरितद्रव्य घरी पोहोचेपर्यंत कमी होतं, आणि मग दोष उपग्रहाला दिला जातो.