गुडघा दुखतोय म्हणून सीट वर केली? या चुका टाळा

"ताई, काहीच बदललं नाही, आपोआप दुखायला लागलं." गुडघेदुखीचा जवळजवळ प्रत्येक फोन याच वाक्याने सुरू होतो. मी सायकल घेऊन घरी बोलावते, चहा टाकते, आणि चहा उकळेपर्यंत बदललेलं काहीतरी सापडतं. नवे शूज असतात, नवे क्लीट (शूज पेडलमध्ये अडकवणारे तळाचे तुकडे) असतात, नाहीतर दोन आठवड्यांत ४० किलोमीटरवरून १२० वर मारलेली उडी असते.

मी डॉक्टर नाही. इथे लिहितेय ते किरकोळ दुखण्याबद्दल: राइडच्या दुसऱ्या तासाला सुरू होणारी, घरी जिना उतरताना जाणवणारी, दोन दिवसांत मावळणारी कुरकुर. गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल, पडल्यानंतर दुखत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर पाना खाली ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

दुसऱ्याच्या नजरेने सीट लावणं

ही चूक बघून मला खरंच राग येतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा पहिल्यांदाच पुण्याहून पाचगणीला निघाला होता. आदल्या आठवड्यात बोपदेव घाटात त्याच्या गुडघ्याच्या वाटीभोवती थोडं दुखलं होतं. पहाटे कात्रजला सगळे जमले तेव्हा एका अनुभवी माणसाने लांबून बघितलं आणि निकाल दिला, "सीट खाली आहे तुझी." लगेच ॲलन की निघाली आणि सीट दोन बोटं वर गेली. मी तिथेच होते. बोलले, पण जोर लावून बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

शिरवळपर्यंत तो खूश होता. खंबाटकी चढताना त्याची कंबर सीटवर डावी-उजवी डुलायला लागली, कारण पेडल तळाला गेलं की पाय पुरत नव्हता. वाईला उतरला तेव्हा गुडघ्याच्या मागची शीर इतकी ताणली होती की पाय सरळ टेकवेना. पसरणी घाट राहिला बाजूला, सायकल टेम्पोत टाकून तो घरी आला. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच 'उपाय' केला आणि सीट तीन बोटं खाली घेतली. आता मागचं थांबलं, पण पुढून वाटी ठणकायला लागली.

मूळची उंची किती होती, ते कोणीच मोजलं नव्हतं. शेवटी सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, पुसल्यावर जुन्या क्लॅम्पची पुसट गोल खूण दिसली. सीट त्या खुणेवर आणली, दुखणं शांत होऊ दिलं आणि मग फक्त ४ मिलिमीटर वर घेतली. तेवढंच लागत होतं. दोन बोटांच्या घाईपायी त्याचा दीड महिना गेला.

माझी सवय सांगते. राइडचेच शूज घालून, भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसायचं. टाच पेडलवर ठेवायची, पेडल तळाला न्यायचं. कंबर न कलता गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे; मग चवड्याने पेडल मारताना थोडा वाक आपोआप राहतो. ही फक्त सुरुवात. त्यानंतर क्रँकच्या (पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवायचं आणि सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारायचा. सीट हळूहळू खाली सरकत असेल, तर तेही या वेढ्यामुळे लगेच कळतं. पुढून दुखतंय तर बहुधा सीट खाली, मागून दुखतंय तर बहुधा वर. बदल ३ मिलिमीटरचा करायचा, एका वेळी एकच, आणि पुढच्या तीन राइड कशालाही हात लावायचा नाही. हे 'फार हळू' आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे पुढचे दोन महिने मोकळे असतील, असं मी समजते.

घाटात जड गिअर रेटणं

"पाय मजबूत होतात" म्हणून मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या दातेरी चकतीवर) घाट चढणारी मुलं दर पावसाळ्यानंतर नव्याने उगवतात. मांड्या टिकतात, पण मंद फिरणाऱ्या प्रत्येक फेरीत सगळा जोर वाटीमागे बसतो. हिशोब बघा. समोर ३४ दातांची रिंग, मागे २८ दातांची चकती, चढावर वेग ताशी ८ किलोमीटर: मिनिटाला पेडलच्या जेमतेम ५२ फेऱ्या. मागे ३४ ची चकती असेल तर त्याच वेगाला ६३. वेग तोच, घाटही तोच, पण प्रत्येक फेरीतला भार कमी. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलण्याआधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढी मोठी चकती घेतो का आणि चेन पुरते का, हे मेकॅनिकला विचारा. सपाटीवर ८० ते ९० फेऱ्यांची सवय लावा. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करा, चेन करकरायला लागल्यावर नाही.

२०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून ताशी १५ चा सरासरी वेगही पुरतो. मग जानेवारीत सायकल घेऊन फेब्रुवारीत तीच राइड जड गिअरवर, दात-ओठ खात का करायची?

बाकीच्या, थोडक्यात

राइडच्या मध्यावर वेदनाशामक गोळी: अजिबात नको. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणू शकतात, शिवाय दुखण्याचा इशाराच बंद होतो.

क्लीट: शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळे पाय ६ अंश हलू देतात, निळे २, लाल अजिबात नाही. नवख्याने पिवळेच घ्यावेत. बदलण्याआधी जुन्या क्लीटभोवती शूजच्या तळव्यावर मार्करने रेघ मारा. गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर मी आधी इथेच बघते.

नी-कॅप: थंडीत ऊब म्हणून चालेल. सीटची उंची ती दुरुस्त करत नाही.

करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या, मनगट दुखणं: सीटचं नाक खाली झुकलंय का ते आधी बघा, कारण तसं असेल तर सगळं अंग हातांवर येतं. मग टायरची हवा. २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरला १०० पीएसआय भरून खड्ड्यांच्या रस्त्यावर निघालात, तर मनगटं बोलणारच. हातांची पकड दर दहा मिनिटांनी बदला, कोपर सैल ठेवा.

पूर्ण विश्रांती: दोन-चार दिवस ठीक. महिनाभर सायकल टांगून ठेवून परत त्याच सीटवर, त्याच गिअरवर बसलात, तर दुखणं तिथेच भेटतं. मी सपाट रस्त्यावर हलक्या गिअरने अर्धा तास सुरू करायला सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कुरकुर नसेल, तरच पुढच्या राइडला दहा मिनिटं वाढवायची.