फ्रेंचचा 'र': घशाआधी कान तयार करा

फ्रेंचचा क्लास लावला की पहिले काही आठवडे सगळी बॅच त्या घशातल्या 'र'च्या मागे लागते. पुण्यात मी शिकत होते तेव्हा आमचंही तेच चालायचं. आता नोकरीत फ्रेंच बोलणाऱ्या ग्राहकांचे फोन घेते. एकाच शिफ्टमध्ये पॅरिस, सेनेगलचं डकार, कॅनडातलं माँट्रियल, कॅरिबियनमधलं मार्टिनिक असे सगळे भेटतात. नव्यांना माझं सांगणं एवढंच, की 'र' काढायला जमला तर उत्तम, पण पोटापाण्याला उपयोगी पडतो तो ऐकलेला 'र' ओळखणारा कान.

काढायची पद्धत थोडक्यात. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवा, मागचा भाग पडजिभेजवळ न्या आणि हवा घासून बाहेर सोडा. आपली जीभ सवयीने वर उडते, ती दाबूनच धरावी लागते. घाईघाईत सरळ 'ग' काढू नका. 'रार' म्हणजे दुर्मीळ आणि 'गार' म्हणजे रेल्वे स्टेशन, त्यामुळे ऐकणारा भलतीकडेच जातो. जुनी फ्रेंच गायिका एदित पिआफ हिच्या गाण्यांतला खणखणीत थरथरता 'र' ऐकून तो उचलायचा मोह सगळ्यांना होतो. गाण्यात तो शोभतो, फोनवर आज तसं कोणी बोलत नाही.

पॅरिसवाल्यांचाही 'र' एकच नसतो. 'रूझ', म्हणजे लाल, यातला घोगरा येतो, पण क, प, त यांना चिकटला की नुसती हवा उरते. 'त्र्वा', म्हणजे तीन, कानाला 'त्ख्वा' असा लागतो. ऑर्डर नंबर लिहून घेताना नवी मुलं पहिल्यांदा इथेच अडखळतात.

डकारहून फोन आला की मराठी माणसाला हायसं वाटतं. सेनेगलमध्ये बरेच जण जिभेच्या टोकाने आपल्यासारखाच 'र' म्हणतात, कारण तिथल्या वोलोफ भाषेत तोच आहे. माली, बुर्किना फासोकडेही हा 'र' भरपूर ऐकू येतो. फ्रान्समध्ये बर्गंडीच्या खेड्यांत आणि नैऋत्येला म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो आहे. बर्गंडीची लेखिका कोलेत हिच्या आवाजाची जुनी रेकॉर्डिंगं ऐका, 'र' कसा घोळवलाय बघा. आणि 1670 सालच्या, फ्रेंच नाटककार मोलियेरच्या 'ल बुर्झ्वा जांतियोम' या नाटकात मास्तर 'र' शिकवतो तो जिभेचं टोक टाळूला लावूनच! तेव्हा आपल्या 'र'ची लाज बाळगायचं कारण नाही.

मोरोक्को-अल्जीरियाकडे अजून एक गंमत आहे. अरबीत टोकाचा 'र' आणि घशातला घर्षणाचा आवाज ही दोन वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे तिथल्यांना दोन्ही सहज येतात. पुरुष बरेचदा टोकाचा वापरतात, बायका पॅरिसच्या वळणाचा. एकाच घरातले भाऊ-बहीण वेगवेगळ्या 'र'ने बोलले तर चक्रावू नका.

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, फ्रेंच करणाऱ्यांनी क्वेबेक या तिथल्या फ्रेंचभाषक प्रांताकडे लक्ष द्यावं. क्वेबेक सिटीत घशातला 'र' जुना, तर माँट्रियलमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टोकाचा चालायचा, मग तरुण पिढीने तो सोडला. गिलियन सँकॉफ आणि एलेन ब्लॉन्दो या भाषाशास्त्रज्ञांनी माँट्रियलच्या त्याच माणसांची 1971 आणि 1984 मधली रेकॉर्डिंगं ताडून पाहिली. काहींचा 'र' मोठेपणी बदलला होता, पण बहुतेकांचा होता तसाच राहिला. तिशीत फ्रेंच शिकणाऱ्याने स्वतःकडून किती अपेक्षा ठेवायची, हे यावरून ठरवता येईल.

खरा घाम फुटतो तो 'र' गायब होतो तिथे. मार्टिनिक-ग्वादलूप या बेटांकडे शब्दाच्या शेवटचा 'र' गळतो आणि उ-ओ यांच्या आधी त्याचा 'व' होतो. तिथल्या क्रिऑलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या स्थानिक भाषेत, 'रूझ'चा 'वूझ' होतो आणि ती लकब फ्रेंच बोलतानाही उतरते. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजाँच्या बोलीतही तो फिका पडतो. आणि पॅरिसवालाही भराभर बोलताना 'कात्र'चं (चार) 'कात' आणि 'पार्स क'चं (कारण की) 'पास्क' करून मोकळा होतो. क्लासच्या सीडीत हे ऐकायला मिळत नाही.

म्हणून सुरुवात आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्यांनी करा, पण तिथेच रेंगाळू नका. त्यांचे आफ्रिकेचे कार्यक्रम आणि रेडिओ-कॅनडा लावा, विशेषतः श्रोत्यांचे फोन घेतात ते. निवेदक सगळे साफच बोलतात. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेतही ऐकण्याला स्वतंत्र 25 गुण आहेत. बोलण्यालाही 25 आहेत, पण त्यात उच्चार हा फक्त एक भाग.

कामावर स्पेलिंग घेताना एक सवय लावून घ्या. 'र' या अक्षराचं नाव 'एर'. शेवटचा 'र' गळला की नुसता 'ए' ऐकू येतो आणि इंग्रजी शाळेत शिकलेला हात आपोआप 'A' टाइप करतो. तेव्हा लगेच विचारायचं, "एर कॉम राउल?", म्हणजे 'राउल'मधला 'र' का? समोरचा 'वी', म्हणजे हो, म्हणाला की पुढच्या अक्षराकडे वळायचं.