ब्रेक धरून बसतोय? आधी ब्लीडर निपल सैल करून बघा

ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गाडी एका बाजूला ओढायला लागली, एका चाकातून जळका वास येतोय? ब्रेक सुटत नाहीये. लगेच कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदलू नका.

गाडी सपाट जागी घ्या, बाकीच्या टायरना दगड लावा. न्यूट्रलमध्ये ते चाक जॅकवर उचला. ब्रेक गार होऊन सुटायच्या आत हे करा. डिस्कला हात लावू नका, टायर धरून फिरवा. फिरत नसेल तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा, ब्रेक ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) जरासा सैल करा.

ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकलाय: एकच चाक असेल तर बहुधा रबरी होज (त्या चाकाला ऑइल नेणारी नळी), सगळीच धरत असतील तर मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलणारा). तरीही जाम? मग कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन नाहीतर स्लाइड पिन (कॅलिपर ज्यावर सरकतो ती). मुंबईच्या खाऱ्या हवेत पिना गंजतातच.

निपल उघडलात की ब्लीडिंग (ऑइलमध्ये शिरलेली हवा काढणं) केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.