मीलवर्म घरी पाळताय? या चुका टाळा

चिपळूणजवळच्या आमच्या घरी १२ गावठी कोंबड्या आहेत आणि पडवीत त्यांना चारायला वाढवलेल्या मीलवर्म अळ्यांचे चार टब. त्यातला पहिला टब पंधरा दिवसांत गेला, कारण मी अळ्यांना पाणी पाजत होते. रोज सकाळी फवाऱ्याने टबातल्या गव्हाच्या कोंड्यावर पाणी मारायचे. जिवंत जीव आहे, त्याला पाणी लागणारच, असं मला वाटलं होतं. नवीन पाळणाऱ्यांशी बोलताना आजही बहुतेकांची सुरुवात इथेच बिघडलेली दिसते.

मीलवर्म म्हणजे टेनेब्रिओ मोलिटर या काळ्या भुंगेऱ्याची अळी. साठवणीच्या धान्यात, पिठात, कोंड्यात वाढणारा हा कीटक. त्याला पाण्याची वाटी लागत नाही. गाजराच्या किंवा बटाट्याच्या फोडीतून तो हवी तेवढी ओल घेतो. कोंडा कोरडा आणि फोड ओली, एवढं सांभाळलंत की निम्मं काम झालं.

पण फोडीचीही चूक होते. काकडी, टोमॅटो, कलिंगडाची साल पाणी सोडतात आणि खालचा कोंडा चिकट होतो. गाजर, बटाटा चांगला. फोड थेट कोंड्यावर न ठेवता अंड्याच्या ट्रेच्या पुठ्ठ्यावर ठेवा. एका दिवसात संपेल एवढीच द्या आणि उरलेली दुसऱ्या दिवशी काढाच. भाजी धुऊन, सोलून घ्या, कारण कीटकनाशक कीटकालाच मारतं. बाजारातल्या फ्लॉवरचा पाला मी अजिबात टाकत नाही.

आणि फोड द्यायचीच नाही, हेही चुकीचं. ओल तुटली की अळ्या कोषांना (अळी आणि भुंगेरा यांच्या मधली अवस्था) आणि एकमेकांना खायला लागतात. टबात अर्धवट कुरतडलेले कोष दिसले, तर आधी फोडी वेळेवर जातात का ते बघा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आपण पाणी न घालताही कोंडा हवेतली ओल ओढतो. मूठभर कोंडा दाबून मूठ उघडा. ढेकूळ राहिलं तर ओल जास्त आहे. झाकण बंद ठेवू नका, मधला भाग कापून तिथे बारीक जाळी बसवा. कोंड्याचा थर दोन-तीन इंचांपेक्षा जास्त नको. नवीन कोंडा मी कढईत कोरडा परतून, पूर्ण गार करूनच टाकते. त्याने ओल जाते आणि बाजारातून सोबत आलेले पोरकिडे, पाकोळ्यांची अंडीही मरतात.

धूळ चालायला लागली तर

जूनच्या शेवटी एकदा टबाच्या कडेला आणि बटाट्याच्या फोडीखाली फिकट, पिठासारखा थर दिसला. वाटलं, कोंड्याचीच धूळ असेल. बोटाने उचलून काळ्या कागदावर ठेवली आणि दारात उजेडाला नेली, तर धूळ हळूहळू सरकत होती. हे माइट्स, धान्यात होणारे अतिसूक्ष्म कोळीवर्गीय जीव. बोटाने चिरडले तर पुदिन्यासारखा वास येतो. दमट कोंड्यात ते इतके वाढतात की भुंगेऱ्यांच्या अंगावरही चढतात.

औषध मारायचा विचारही नको, माइट्सबरोबर अळ्याही जातील. अळ्या आणि भुंगेरे चाळून कोरड्या टबात परतलेल्या कोंड्यावर हलवा. रात्री बटाट्याची एक फोड ठेवा, सकाळी तिच्यावर जमलेल्या माइट्ससकट ती घराबाहेर फेका. असं आठवडाभर करा, दिवसा ओलं काही देऊ नका. जुना कोंडा मात्र टाकावाच लागतो, त्यातली अंडी गेलीच समजायची. जुना टब गरम पाण्याने धुऊन कडक वाळवा. तेव्हापासून माझे दोन टब पडवीत आणि दोन माजघरात असतात, म्हणजे एकीकडे लागण झाली तरी दुसरीकडचं बीज (पुढच्या पिढीसाठी राखलेल्या अळ्या-भुंगेरे) वाचतं.

तुमच्याकडे उन्हाळा वेगळा असेल

मीलवर्मला २५ ते २८ अंश मानवतं. कोकणात ते जमून जातं. जळगावच्या माझ्या मावसभावाने मात्र टब पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले होते. एप्रिलमध्ये दुपारी त्याचा फोन आला, "ताई, सगळ्या अळ्या वर आल्यात, एकमेकींवर चढतायत." संध्याकाळपर्यंत त्या काळ्या पडल्या होत्या. हवा गरम होतीच, त्यात दाटीने राहणाऱ्या अळ्या स्वतःही उष्णता सोडतात, त्यामुळे कोंड्याच्या आत हवेपेक्षा आणखी गरम असतं. खानदेश, मराठवाडा, विदर्भात उन्हाळ्यात टब घरातल्या सगळ्यात थंड फरशीवर ठेवा आणि अळ्या दोन-तीन टबांत विरळ करा. थंडीत वाढ मंदावली तर घाबरू नका, रोग नसतो तो.

मेलेले समजून फेकू नका

कात टाकलेली अळी पांढरी आणि मऊ दिसते. कोष चालत नाही, खातही नाही. कोषातून नुकताच निघालेला भुंगेराही आधी पांढरट, मग तपकिरी, आणि काही दिवसांनी काळा होतो. हे सगळं निरोगी आहे. आमच्या घरी पहिल्या वर्षी "अगं, हे मेलेत" म्हणून कितीतरी कोष कोंबड्यांपुढे पडले आणि पुढच्या पिढीला भुंगेरेच उरले नाहीत. कोषाला हलकेच बोट लावा. जिवंत असेल तर शेपटीकडचा भाग हलवतो. काळा पडलेला, मऊ लिबलिबीत कोष तेवढा काढायचा.

अंड्यांबाबत याहून मोठं नुकसान होतं. अंडी बारीक आणि चिकट असतात, कोंड्याचे कण लगेच त्यांना चिकटतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून भुंगेऱ्यांच्या टबातला कोंडा "खराब झाला" असं समजून लोक तो गुलाबाला घालतात. एक मादी आयुष्यात काहीशे अंडी देते, ती सगळी कुंडीत जातात. भुंगेरे दर दोन आठवड्यांनी नव्या कोंड्यावर हलवा आणि जुना कोंडा तारीख लिहून तसाच ठेवा. महिना-दीड महिन्याने त्यावर तिरपा उजेड पाडला की कोंडा स्वतःच हलताना दिसेल. तो दिवस मला आजही आवडतो.

त्यासाठी धीर लागतो. अंडं फुटायला साधारण आठवडा-दीड आठवडा, अळी वाढायला अडीच-तीन महिने, कोष आणखी एक-दोन आठवडे. विकत आणलेल्या पहिल्या अळ्या कोंबड्यांना घालायच्या नाहीत. पहिले चार-पाच महिने नुसतं बीज वाढवायचं.

गव्हाला काय लावलंय?

आपल्याकडे साठवणीच्या गव्हाला बोरिक पावडर लावतात. ती किडे मारायलाच असते. अशा गव्हाचा घरचा कोंडा टबात गेला तर अळ्या हळूहळू मरतात आणि कारणच सापडत नाही. मुंग्यांसाठी ओढलेला खडू, डासांची कॉइल, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या हेही टबाच्या खोलीत नकोत. मुंग्यांना जुनाच उपाय: स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. पाल, उंदीर, चिचुंद्री यांना जाळी थांबवते. अळ्यांना गुळगुळीत प्लॅस्टिक चढता येत नाही, पण टबाला आतून खरखरीत चिकटपट्टी लागलेली असेल तर तीच त्यांची शिडी होते. भुंगेरे धान्याच्या कोठीजवळ मात्र चुकूनही जाऊ देऊ नका.

बीज आणताना जात नीट विचारा. सुपरवर्म वेगळा, मोठा. तो गर्दीत कोषात जातच नाही, एकेकटा ठेवावा लागतो. आणि पोल्ट्रीच्या तुसातले लहान काळे भुंगेरे गोळा करून बीज करू नका. ते मीलवर्मचे भाऊबंद असले तरी साल्मोनेला आणि मरेक्स या कोंबड्यांच्या रोगांचे जंतू वाहून आणू शकतात.

कोंबडीला किती?

"खाद्याचा खर्च निम्मा होतो" असं कोणी सांगत असेल तर हिशोब मांडा. एक किलो ताज्या अळ्यांना साधारण दोन किलो कोंडा लागतो आणि त्यात प्रथिनं मिळतात जेमतेम २०० ग्रॅम. तेवढी प्रथिनं अर्धा किलोपेक्षा कमी सोयापेंडीत असतात. कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाद्य खाते. त्यात अळ्या १० ग्रॅम, म्हणजे साधारण १०० अळ्या, एवढीच वरची मर्यादा धरा. माझ्या १२ कोंबड्यांना रोज तेवढं द्यायचं तर दिवसाला हजारावर अळ्या हव्यात. चार टबांतून ते होत नाही. मी आठवड्यातून तीनदा प्रत्येकीला वीस-पंचवीस घालते आणि मुख्य खाद्य चालूच ठेवते.

अळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. लाडाने अळ्याच चारल्या तर अंड्याचं कवच पातळ होतं. कॅल्शियमसाठी तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) कवचं भाजून, कुटून वेगळ्या वाटीत कायम ठेवा, कोंबड्या लागेल तशा टिपतात.

अळ्यांचा खरा उपयोग कोंबड्या पिसं गाळतात तेव्हा होतो. पीस बहुतांशी प्रथिनांचंच असतं. दिवस लहान व्हायला लागले की आमच्या कोंबड्या खुराड्यात पिसांचा सडा घालतात आणि अंडी थांबवतात. तेव्हा मूठभर अळ्या हाताशी असाव्यात म्हणून त्या पिढीच्या अंड्यांसाठीचा कोंडा मी भुंगेऱ्यांना मेअखेर, पाऊस लागायच्या आधीच देते.